पर्वरीहून पणजीला स्कूटरने जाताना अटल सेतूवरून जाता येतं का?

नाही. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, चढावाच्या तोंडाशी तसा फलकही आहे. तुम्ही खालच्या जुन्या मांडवी पुलाची लेन धरा, सरळ पणजी बसस्टँडपाशी उतराल. २०१९ साली सुरू झालेला अटल सेतू मुख्यतः पणजीत न शिरता मडगाव किंवा फोंड्याकडे निघणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे तुमचं तसं काही अडत नाही. पावसाळ्यात मात्र पुलावर आडवा वारा लागतो, छत्रीबित्री विसरा, रेनकोटच घाला. मांडवीवरचा पहिला पूल १९८६च्या जुलैत कोसळला तेव्हा लोकांची सगळी भिस्त फेरीबोटीवर होती. बेती-पणजी फेरी आजही चालते, त्यात स्कूटर चढते. संध्याकाळी पूल तुंबलेला असेल तर मी तीच घेईन.