दर रविवारी सगळे पाणी बदलूनही टाकी गढूळ का होते?

दोन फुटी टाकीत सहा गोल्डफिश व दोन सकर (तोंडाने काचेला चिकटणारे मासे), दर रविवारी सगळे पाणी उपसून खडी आणि फिल्टर नळाखाली धुणे, आणि तरीही मंगळवारपर्यंत दुधाळ पाणी व वर येऊन तोंड उघडझाप करणारे मासे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते त्रासाचे अर्धे कारण गर्दी आणि अर्धे ही रविवारची धुलाईच आहे.

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नितळ पाणीसुद्धा विषारी असू शकते. फिल्टरच्या स्पंजात आणि खडीवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन तिचा बराच भाग मारून टाकते. म्हणून आठवड्याला पाव भाग पाणीच बदलावे, ते काढताना सायफनची नळी खडीत खुपसून तळाचा गाळ ओढून घ्यावा आणि त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळावा. तो तपकिरी राहिला तरी चालेल. नवे पाणी अँटीक्लोरीन (क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण) घालूनच ओतावे. फिल्टर रात्रंदिवस चालू असावा.

दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद-उंच टाकीत काठोकाठ 56 लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता 45 ते 50. गोल्डफिश चांगला वाढला तर वीतभर होतो आणि घाणही भरपूर करतो, त्यामुळे एवढ्या पाण्यात सहा फारच झाले. एखादाच ठेवावा, तोही मोठी टाकी घेईपर्यंत. उन्हाळ्यात हे अधिक जाणवते, कारण 20 अंशांच्या पाण्यात प्रति लिटर सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. गोल्डफिशला जठर नसते आणि तो सदैव उपाशी असल्यासारखा काचेपाशी येतो, त्याला भुलू नये.

सकर टाकी साफ करतो हा दुकानदारांचा आवडता दावा आहे. तो थोडेफार शेवाळ खातो, पण विष्ठाही ढीगभर टाकतो आणि फूटभराहून मोठा होतो. जास्तीचे मासे दुकानात परत द्यावेत, नदी-तळ्यात मुळीच सोडू नयेत. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत असाच सकर पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे.