कार्ड कुठलं, त्याआधी बिल कुठल्या महिन्यात?

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. किनाऱ्याजवळ त्यांचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, त्यांच्याच नावावर. एप्रिलमध्ये कुडाळला बाजारात क्रेडिट कार्डवाल्यांचे स्टॉल लागले होते, तिथून त्या दोन पत्रकं घेऊन आल्या. पहिलं ट्रॅव्हल कार्डाचं: वर्षाची फी ५,००० रुपये, ६० दिवसांत १ लाख खर्च केला तर १०,००० पॉइंट, शिवाय वर्षातून ८ वेळा विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट प्रवेश. दुसरं बिझनेस कार्डाचं: फी २,५०० रुपये, ९० दिवसांत दीड लाख खर्च केला तर ५,००० रुपयांचं व्हाउचर, खरेदीवर १ टक्का कॅशबॅक आणि ४८ दिवसांपर्यंत बिनव्याजी मुदत. दोन्ही ऑफर ३१ मेपर्यंत. पुण्याचा भाऊ पॉइंटांवर दुबईला जाऊन आलाय, तो म्हणतो दोन्ही घेऊन टाक. ताई लिहितात, "पैसे बुडवायचे नाहीत, पण मिळतंय ते सोडायचंही नाही. ट्रॅव्हल कार्डाचा फॉर्म भरून दिलाय. दुसऱ्याचं काय करू?"

ताई, आधी उत्तर देतो, मग हिशेब. ट्रॅव्हल कार्ड तुमच्या उपयोगाचं नाही. बिझनेस कार्ड उपयोगाचं आहे, पण ते मे महिन्यात घेऊ नका.

तुमच्या भावाचं चुकत नाही. त्याला दर महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. बोनससाठी ६० दिवस असोत की ९०, त्याच्या दृष्टीने सगळे महिने सारखेच. तुमचे तसे नाहीत. मे महिन्याच्या अखेरीला जलक्रीडा बंद होतात, किल्ल्याच्या होड्या बंद होतात, आणि त्या ऑगस्ट संपेपर्यंत सुरू होत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ज्या थाळीसाठी पाहुणा येतो ती थाळीही नाही. त्याच वेळी घरात आगोटीची खरेदी, कौलं चाळणं, मुलांच्या शाळा-कॉलेजच्या फिया, आणि पाठोपाठ चतुर्थी. पैसा जायचा आणि यायचा बंद व्हायचा हंगाम एकच. एजंटच्या ३१ मेच्या मुदतीने तुम्ही कार्ड घेतलंत, तर बोनससाठी खर्च करायचे दिवस जून, जुलै, ऑगस्टमध्ये पडतात आणि बिलं जुलै ते सप्टेंबरमध्ये. नेमकी खोल्या रिकाम्या असताना.

आता उशीर झाला तर काय होतं ते बघा. पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात व्याज दिलंय, महिन्याला साडेतीन टक्के. १ लाखाचं बिल एक महिना पुढे ढकललं तर ३,५०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये, म्हणजे ४,१३० रुपये. पाच हजारांचं व्हाउचर एका महिन्यात संपल्यातच जमा. शिवाय हे व्याज शेवटच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून धरतात, आणि जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून जो लहान आकडा छापतात, तो भरला की लेट फी टळते, व्याज टळत नाही. होमस्टेवाल्यांची कार्डं अडकतात ती बहुतेक इथेच. मेपर्यंत सगळं वेळेवर भरलेलं असतं आणि जुलैत 'या वेळी किमान भरू, गणपतीनंतर बघू' असं होतं.

ट्रॅव्हल कार्डाचं पाहू. जाहिरातीत "१०,००० पॉइंट म्हणजे १०,००० रुपये" असं लिहिलंय. तुम्ही पाठवलेल्या नियमांच्या पानावर मात्र तीन भाव आहेत. बँकेच्या पोर्टलवर विमानाचं तिकीट काढलं तर पॉइंटला १ रुपया, व्हाउचर घेतलं तर ३५ पैसे, बिलातून वजा करून घेतलं तर २० पैसे. म्हणजे तेच १०,००० पॉइंट कधी १०,००० रुपयांचे, कधी ३,५०० चे, कधी २,००० चे. फी जीएसटीसकट ५,९०० रुपये. विमानाचं तिकीट काढलं तरच तुम्ही ४,१०० रुपयांनी वर, नाहीतर सरळ तोट्यात.

आणि तुमचा प्रवास कसला? तुम्हीच लिहिलंय: मुंबईला वर्षातून दोनदा, तेही कुडाळहून कोकणकन्या नाहीतर तुतारीने, आणि बंगळुरूला मुलीकडे एकदा, गोव्यातल्या मोपा विमानतळाहून विमानाने. एका विमानप्रवासासाठी वर्षाला ५,९०० रुपये फी भरण्यात अर्थ नाही. आठ लाउंज भेटींतल्या जास्तीत जास्त दोन वापरल्या जातील. त्यालाही अट आहे, आधीच्या तीन महिन्यांत ठराविक खर्च केलेला असेल तरच दार उघडतं. गेल्या काही वर्षांत बऱ्याच बँकांनी ही अट घातली आहे. लाउंज सोडून द्या.

फॉर्म भरून दिलाय म्हणून घाबरू नका. बँकेला आजच ईमेलने लेखी कळवा की कार्ड नको. तरी ते घरी आलंच, तर सुरू करू नका, आणि फोनवर कोणीही ओटीपी मागितला तर देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० दिवसांत सुरू न केलेल्या कार्डासाठी बँकेला ओटीपीने तुमची संमती घ्यावी लागते, आणि ती दिली नाही तर कामाच्या ७ दिवसांत ते कार्ड कोणतंही शुल्क न लावता बंद करावं लागतं.

बिझनेस कार्डाकडे जरा सावकाश पाहायला हवं, कारण इथे खरोखर फायदा आहे. वर्षाचा खर्च साडेसहा लाख आहे, म्हणजे दीड लाख सहज होतील असं तुम्ही म्हणता. पण त्यातला कार्डावर होण्यासारखा किती? बाजारातली मासळी रोख किंवा यूपीआयने. गडी आणि स्वयंपाकाच्या बायका रोखीने. महावितरणचं बिल कार्डावर भरता येतं, पण या कार्डाच्या यादीत वीज, इंधन, विमा, भाडं आणि सरकारी भरणा यांचा खर्च बोनसच्या उद्दिष्टात धरत नाहीत. कुडाळचा घाऊक किराणावाला कार्ड घेतो, पण वर २ टक्के मागतो. तुम्हाला कॅशबॅक १ टक्का. ६० हजारांच्या किराण्यावर १,२०० रुपये जास्त द्यायचे आणि ६०० परत घ्यायचे, असा व्यवहार करू नका.

इथे एक गोष्ट आवर्जून विचारा: हे कार्ड रुपेचं, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारख्या आपल्या भारतीय नेटवर्कचं आहे का? रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि दुकानाचा क्यूआर स्कॅन करून त्यावर पैसे देता येतात. किराणावाल्याकडे व्यापारी क्यूआर असेल तर तो त्यावर वरचे २ टक्के न मागता पैसे घेतो का, ते विचारा; मोठ्या रकमेवर त्यालाही शुल्क लागू शकतं. मासळीवाल्या मावशींचा क्यूआर मात्र बहुधा त्यांच्या स्वतःच्या खात्याचा असतो, तिथे क्रेडिट कार्ड चालत नाही. आणि यूपीआयने केलेला खर्च उद्दिष्टात धरतात की नाही, हे बँकेकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी "हो हो ताई" वर जाऊ नका.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ शेवटी आली आहे. दिवाळीच्या आधी दोन खोल्यांना एसी, नव्या गाद्या आणि इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायची आहे, मिळून १ लाख १० हजार. हा खर्च कार्ड असो-नसो होणारच आहे. चादरी, रंग, भांडी आणि क्यूआरवरचा किराणा धरला की उरलेले ४० हजार तीन महिन्यांत ओढूनताणून न करताही होतात. म्हणून माझं म्हणणं, अर्ज ऑगस्टच्या मध्यावर करा. बहुतेक कार्डांत ९० दिवस मोजतात ते कार्ड तयार झाल्याच्या तारखेपासून, तुमच्या हातात पडल्यापासून नाही, आणि आपल्याकडे गावात पाकीट पोचायला चार दिवस जास्त लागतात. ती तारीखही विचारून ठेवा. असं केलंत तर खर्च सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बसतो, आणि त्याच काळात दिवाळीच्या सुट्टीच्या बुकिंगचे निम्मे पैसे आगाऊ तुमच्या खात्यात यायला लागतात. बिल भरायला पैसा हातात असेल.

बिलाची तारीखही जुळवून घ्या. समजा बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि भरायची मुदत २३ ला. ४ सप्टेंबरला एसी घेतलात तर २३ सप्टेंबरला पैसे द्यावे लागतील, १९ दिवस मिळाले. तोच एसी ६ सप्टेंबरला घेतलात तर पैसे थेट २३ ऑक्टोबरला, ४७ दिवस. दोन दिवस थांबून जवळजवळ महिनाभराची उधारी बिनव्याजी मिळते. बिलाचं चक्र बदलून मागायची सोयही रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, तुमच्याकडे पैसे येतात त्या तारखांना जुळेल असं मागून घ्या. एसीच्या दुकानात मात्र आधी रोखीचा भाव विचारा. रोखीला दोन हजार कमी करत असेल तर कॅशबॅकपेक्षा तेच जास्त. आणि दुकानदार 'नो कॉस्ट ईएमआय' करून देतो म्हणाला तर थांबा, ईएमआयवरची खरेदी बऱ्याच कार्डांत बोनसला धरत नाहीत.

हे सगळं जमलं तर पहिल्या वर्षी हातात काय? ५,००० चं व्हाउचर, दीड लाखावर १,५०० कॅशबॅक, त्यातून फीचे जीएसटीसकट २,९५० वजा. ३,५५० रुपये, तेही व्हाउचर तुम्हाला उपयोगी पडणाऱ्या दुकानाचं असेल तर. रक्कम मोठी नाही. मला यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की होमस्टेचा खर्च घरखर्चापासून वेगळा, एका कागदावर येईल. आज तुमच्या एकाच खात्यातून मुलीचे पैसेही जातात आणि गाद्यांचेही. पत्रकातला "फीवरचा जीएसटी परत मिळवा" हा मुद्दा तुम्हाला लागू नाही, कारण तुमची जीएसटी नोंदणीच नाही. तसंच नाव बिझनेस कार्ड असलं तरी होमस्टे तुमच्या एकटीच्या मालकीचा आहे, त्यामुळे देणं तुमचं वैयक्तिक आणि थकलं तर नोंदही तुमच्याच सिबिलवर, म्हणजे बँका कर्ज देताना जी परतफेडीची नोंद बघतात तिच्यावर.

भावाने सुचवलेली एक गोष्ट अजिबात करू नका. उद्दिष्ट कमी पडलं तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांची खरेदी आपल्या कार्डावर करायची आणि त्यांच्याकडून रोख घ्यायची, असं तो म्हणतो. एकाने जरी पैसे द्यायला महिना लावला तर वर सांगितलेलं व्याज तुमच्या माथी, आणि नात्यात मागायचीही चोरी. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून रोख उचलणं तर कार्डाच्या करारातच बसत नाही. उद्दिष्ट दहा हजारांनी हुकलं तर हुकू द्या. व्हाउचरसाठी नको ती खरेदी करण्यापेक्षा ते बरं.

पुढच्या वर्षी आणखी दोन खोल्यांसाठी पर्यटन खात्याच्या 'आई' योजनेतून कर्ज घ्यायचा विचार आहे असं लिहिलंत. फार चांगला विचार आहे, महिला उद्योजकांना कर्जावरच्या व्याजाचा परतावा देणारी ती योजना आहे. पण म्हणूनच दोन कार्डांचे अर्ज लागोपाठ नकोत. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर नोंदली जाते. तुम्हाला कार्डावर २ लाखांची मर्यादा मिळाली आणि त्यातले दीड लाख वापरलेले दिसले, तर कर्ज देणाऱ्या बँकेच्या नजरेला ते जड वाटतं. कर्जाच्या अर्जाआधीचे दोन-तीन महिने कार्डाचा वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा, किंवा बिल निघायच्या आधीच थोडी रक्कम भरून टाका.

ऑगस्टमध्ये हीच ऑफर असेल का, ही तुमची धाकधूक मला समजते. बँका दसरा-दिवाळीच्या तोंडावर ऑफर काढतातच, या बँकेची नसेल तर दुसरीची बघू. दुसऱ्या वर्षी फी माफ व्हायला ४ लाखांचा खर्च लागतो, तो तुमचा होणार नाही. तेव्हा फी लागायच्या महिनाभर आधी ती माफ करा म्हणून विचारा, नाही म्हणाले तर बाकी शून्य करून कार्ड बंद करायला लेखी सांगा. कामाच्या ७ दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला देणं बँकेवर बंधनकारक आहे.

ट्रॅव्हल कार्डाबद्दलचं माझं मत एकाच परिस्थितीत बदलेल. मुलगी बंगळुरूला कायमची राहिली, आणि तुम्ही दोघं वर्षातून तीन-चार वेळा विमानाने जायला लागलात, तर त्या वर्षीची तिकिटं समोर ठेवून हा हिशेब पुन्हा मांडू. तोवर कुडाळ स्टेशन आहेच.