सुपारी वाजवणाऱ्याच्या हातात दे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा आलीस, चहा तसाच ठेवून गेलीस. तासभर मोबाइल माझ्या नाकासमोर धरून तुझ्या मार्गशीर्षातल्या लग्नासाठी सात बँडांचे व्हिडिओ दाखवलेस. सातही ठिकाणी धूर, सातही ठिकाणी नवरी नाचत येतेय. "मास्तर, यातला कुठला घेऊ?" असं विचारलंस आणि मी गप्प बसलो म्हणून फुगलीस. अगं, ते आवाज त्या माणसांचे नव्हतेच. गाणं मागाहून चिकटवलंय. एकात तर ट्रम्पेटवाल्यानं वाद्य खाली घेऊन घाम पुसला, तरी ट्रम्पेट चालूच. तेव्हाच सांगणार होतो, पण तुझा चेहरा बघून धीर झाला नाही.

म्हणून लिहितोय. सांगणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार, कंटाळलीस तरी. सुपारी वाजवणाऱ्याच्या हातात दे. व्हिडिओला देऊ नकोस, पाटीला देऊ नकोस, त्या एसी ऑफिसात बसलेल्या पॅकेजवाल्याला तर अजिबात देऊ नकोस. त्यानं तुला परण्याचा, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीचा, बँड, मांडवातली सनई आणि रिसेप्शनचे गाणारे असं तिन्ही एका कागदावर लिहून दिलंय. त्याला विचार, क्लॅरिनेट कोण वाजवणार? नाव सांग म्हणावं. नाही सांगता येणार. तिथी जवळ आली की तो फोन फिरवणार आणि जो मोकळा असेल तो तुझ्या दारात उभा राहणार. चांगला माणूस मार्गशीर्षात मोकळा का असेल, याचा विचार तूच कर.

मला हे कसं ठाऊक? कारण बँडपथक चालवताना मीही हेच केलंय.

तुझा जन्म व्हायचा होता. वैशाख, तिथ दाट. एकाच दिवशी दोन सुपाऱ्या आल्या, एक गावातली, एक पलीकडच्या तालुक्यातली. दोन्ही घेतल्या. दोन्हीकडे बावीस फुंकणारे कबूल केले आणि माझ्याकडे फुंकणारे होते एकूण बावीस. अकरा तिकडे पाठवले, अकरा घेऊन मी इकडे उभा राहिलो. उरलेल्या गणवेशांत भाचे घातले, शेजारी घातले, वीटभट्टीवरची दोन पोरं घातली. ट्रम्पेट ओठाला लावायचं, फुंकायचं नाही, एवढं शिकवलं. पितळ उन्हात चमकतं, मागं ढोल दणदणतो, कुणाला कळतंय?

नवरीच्या आजोबांना कळलं. परण्या मारुतीच्या देवळातून निघाला तसा तो म्हातारा आमच्या रांगेबरोबर चालू लागला. एकेकाच्या तोंडाजवळ वाकून बघायचा. मला वाटलं, हौस आहे. संध्याकाळी हिशेबाला बसलो. त्यांनी नोटा मोजल्या, अर्ध्या माझ्यापुढं सरकवल्या आणि म्हणाले, "अकरा जणांचे गाल हलत होते." आवाज चढवला नाही, चारचौघांत बोलले नाहीत. मी पैसे उचलले, बाहेर आलो आणि भाच्यावर ओरडलो.

लबाडी म्हणशील. होतीच. पण पथक चालवणं म्हणजे काय ते तुम्हा पगारदारांना कळायचं नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्न नाही. तुळशीचं लग्न लागतं, जरा हात सुटतो, तर पौष येतो. त्या मधल्या काळात माणसांना उचल द्यावी लागते, नाहीतर चांगला ट्रम्पेटवाला दुसऱ्या पथकात जातो. ती उचल कुठून आणायची? वैशाखातूनच. दोन सुपाऱ्या घेतल्या नसत्या तर दिवाळीत बावीस घरांना तोंड दाखवता आलं नसतं. हे मी त्या आजोबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. त्यांनी बावीस ऐकायचे म्हणून पैसे ठरवले होते, माझी उचल फेडायला नाही.

असो. गाल बघायला शीक. ट्रम्पेट फुंकणाऱ्याच्या ओठावर माउथपीसचा गोल वळ उठतो, वाद्य काढलं तरी बराच वेळ जात नाही. ज्याच्या ओठावर वळ नाही तो नुसता गणवेश. बँडवाला "पंचवीस माणसं" म्हणाला तर विचार, त्यातले फुंकणारे किती, ताल धरणारे किती आणि दिवे उचलणारे किती. तिन्ही धरून पंचवीस सांगायची पद्धत आहे. मीही सांगत असे.

आणि जाऊन ऐक. आता भाद्रपद लागलाय, याहून चांगली वेळ तुला मिळणार नाही. अनंत चतुर्दशीला पुण्यात बेलबाग चौकात उभी राहा. प्रभात, दरबार यांच्यासारखी पथकं तिथं लोक थांबून ऐकतात, फुकटात. मानाच्या गणपतींपुढं कसं वाजवतात ते ऐकलंस की तुझ्या कानाला माप मिळेल. मग तुझ्या यादीतल्यांना विचार, तुम्ही कुठल्या मंडळापुढं आहात? तिथं जा. सुरुवातीला ऐकू नकोस, ताजे ओठ सगळ्यांचेच गोड. चार-पाच तास चालून झाल्यावर ऐक. ओठ थकला की वरचा सूर आधी ढासळतो, आणि मग जो मास्तर गाणं खालच्या पट्टीत घेऊन माणसं सांभाळतो तो खरा. त्याच्या हातात सुपारी दे. मिरवणूक संपल्यावर लगेच नको, बिचाऱ्याला झोपू दे. दोन दिवसांनी जा.

सनईबद्दल तू म्हणालीस, "ती तर रेकॉर्डवरही चालते ना?" मी उत्तर दिलं नाही, कारण तोंडून वाईट शब्द गेला असता. मांडवात सनईवाला येतो, फुंकायची पत्ती तोंडात भिजवत बसतो, शेजारचा सूर धरतो, चौघडा लागतो आणि त्या पाच मिनिटांत आलेल्या बायका आपोआप हळू बोलू लागतात. रेकॉर्डवर हे होत नाही, मोठ्यानं बोलतात. शिवाय माणूस समोर असला की तो भटजींकडे बघून वाजवतो. मंगलाष्टकातच वाजंत्र्यांना गलबला करू नका म्हणून बजावलंय. मशीनला ते कळत नाही, भटजी "सावधान" म्हणतात आणि पेन ड्राइव्ह आपला चालूच. सनईला दोन माणसं तरी घे, एक वाजवणारा आणि एक सूर देणारा. सुराला माणसाऐवजी पेटी आणली तर ठीक, पण आधी विचारून घे. भाव त्याप्रमाणं उतरतो.

रिसेप्शनच्या गाणाऱ्या मुलांचं मला फार कळत नाही, गिटार माझा प्रांत नाही. एवढंच विचार, की ट्रॅकवर गाता की सगळं वाजवता? ट्रॅकवर गाणं पाप नाही, पण मग पाच माणसांचे पैसे कशाला? आणि ज्या गायिकेला ऐकून ठरवलंस तीच त्या दिवशी येणार का, ते लिहून घे. स्पीकर कुणाचे, तेही लिहून घे.

लिहून घे म्हणजे काय, तर विसार देताना वहीच्या पानावर. कोण येणार त्यांची नावं (क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल, ही तीन तरी), किती तास, वरच्या तासाला किती, आणि त्याच दिवशी त्यांची दुसरी सुपारी आहे का. हा शेवटचा प्रश्न तोंडावर विचार आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहा. मला कुणी असं विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं. निदान असं मला वाटतं.

लॉनवाला गाण्यांच्या परवान्याचे पैसे मागेल. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणी वाजवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नं सूट दिलीय, तेवढं त्याला सांग. मात्र रात्री १० नंतर उघड्यावर वाजवायचं नाही, तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतला कायदा आहे आणि त्यात बँडही येतो. तुझा मामा साडेनऊला "अजून एक, अजून एक" करणार. पोलीस आले की गाडीत बसतो तो मास्तर, मामा नाही.

आणि बँडवाल्यांना जेवायला कोण वाढणार ते आधीच ठरव. नाव ठरव. "बघू, कुणीतरी बघेल" म्हणालीस की चार वाजता ते उरलेला भात आणि पाणीदार आमटी खातात, तीही मांडवामागं उभ्यानं. मी तीस वर्षं खाल्लीय.

तुझे बाबा म्हणतील एवढा खटाटोप कशाला, पॅकेज घेऊन टाक. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांना चतुर्दशीला बरोबर ने. मीही येतोय. मानाचे गणपती पुढं जायच्या आत चौकात शोध, आणि कानातली ती बोंडं काढून ये.

पत्रिका घेऊन येशील तेव्हा "मास्तर, एक तरी वाजवा" असा हट्ट मात्र धरू नकोस. क्लॅरिनेटचं माउथपीस वरच्या दातांवर टेकतं, आणि माझे पुढचे दोन दात गेल्या दिवाळीत गेले.

तुझा,
मास्तर काका