घरी बनवलेल्या गाडीसाठी मारुती ८०० चा स्टीअरिंग शाफ्ट कापून, वेल्ड करून सहा इंच आखूड केला तर चालेल का?

नाही. दोन तुकडे टोकाला टोक लावायचे, भोवती आर्क फिरवायचा आणि ग्राइंडर मारून गुळगुळीत करायचं, हा जोड स्टीअरिंगला चालत नाही. वेल्डरचा हात कितीही बसलेला असो. या एका गोष्टीवरून आमच्या घरात अजून वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी कुपवाड एमआयडीसीत टर्नर आहे. माझ्या भाच्यानं तुमच्यासारखीच गाडी करायला घेतली होती. इंजिन, रॅक (पुढची चाकं वळवणारा आडवा दांडा), कॉलम (स्टीअरिंगच्या चाकाखालचा खांब) सगळं एका जुन्या मारुती ८०० चं, फ्रेम स्वतःची. इंजिन मागं टाकल्यामुळं सीट पुढच्या चाकांकडं सरकली आणि स्टीअरिंग छातीला टेकायला लागलं. वीतभर शाफ्ट जास्त होत होता. दाजींचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, फॅब्रिकेशनचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या करतात आणि उत्तम करतात, त्यात वाद नाही. त्यांनी मला न विचारता शाफ्ट कापला, दोन्ही टोकांना व्ही आकाराची खाच काढून जोड वेल्डनं भरला, घासला, वर काळा रंग मारला. जोड हाताला लागत नव्हता इतकं सुबक काम.

मी म्हणालो, गाडीत बसवायच्या आधी एकदा व्हाइसमध्ये धरू. दाजी दुखावले. "माझ्या वेल्डवर वीस-वीस टन ऊस कारखान्यावर जातो, तुझ्या भाच्याचे दोन हात पेलणार नाहीत होय?" तरी मी धरला. खालचं टोक व्हाइसमध्ये, वरच्या टोकाला पाइप पाना, पान्यात लांब नळी. एका बाजूला पीळ दिला, काही झालं नाही. दाजी हसले. मग उलट्या बाजूला, पुन्हा सुलट, पुन्हा उलट, कारण स्टीअरिंग दोन्हीकडं वळतं. टक् करून दोन तुकडे झाले. वाकला नाही, आधी आवाज केला नाही, एकदम तुटला.

तुटल्याची जागा बघून दाजी लगेच म्हणाले, "बघ, वेल्ड शाबूत आहे. तुझा शाफ्टच भंगार होता." तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशाला हेच ऐकतोय. वेल्ड तुटला नाही हे खरं. त्याच्या शेजारचा पट्टा तुटला, आणि तो वेल्डनंच मारला होता. असे शाफ्ट ट्रॉलीच्या चॅनेलसारख्या मऊ लोखंडाचे नसतात, त्यात कार्बन जास्त असतो. आर्कनं शेजारचा पट्टा लालभडक होतो आणि बाकीचा थंड शाफ्ट ती उष्णता झटकन ओढून घेतो. छिन्नीला पाणी दिल्यावर होतं तेच तिथं होतं: धातू कडक होतो, चिवटपणा जातो. शिवाय पिळाचा सगळ्यात जास्त ताण शाफ्टच्या बाहेरच्या थरावर येतो, आणि दाजींनी ग्राइंडरनं तोच थर खाल्ला. भरीव शाफ्टचा व्यास १० टक्के कमी झाला की पीळ सोसायची ताकद २७ टक्के कमी होते. ट्रॉलीचा जोड सुटताना तडा दिसतो, कुरकुर ऐकू येते. स्टीअरिंग सूचना देत नाही.

दाजींचा दुसरा मुद्दा, देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप केलीच ना? केली, आणि आम्हा सांगलीकरांना तिचा अभिमान आहे. पण भंगारातून गाडी करणं आणि स्टीअरिंगचा शाफ्ट टोकाला टोक लावून जोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तुमचं काम. कॉलमला हातच लावू नका. त्याच्या खालच्या बाजूला नळीत नळी शिरलेली आणि बारीक भोकांत प्लॅस्टिक भरलेलं दिसलं, तर तो धडकेत आत सरकावा म्हणूनच तसा केलेला असतो. तिथं वेल्ड मारलात तर तुमच्या छातीसमोर भाला उभा राहील. फरक कॉलम आणि रॅकमधल्या शाफ्टमध्ये काढा. आधी जुन्या बाजारात टोकाला तेच दाते (जॉइंटमध्ये अडकणाऱ्या खाचा) असलेला आखूड शाफ्ट शोधा. नाहीच मिळाला तर अखंड बारमधून नवा करून दोन्ही टोकांना दाते पाडून घ्या. आम्ही भाच्याला तोच करून दिला. पिंच बोल्ट (जॉइंट शाफ्टवर आवळून धरणारा) ज्या खाचेत बसतो ती खाच विसरू नका, तिच्यामुळंच जॉइंट निसटत नाही. बोल्ट ८.८ या ताकदीच्या ग्रेडच्या खालचा नको, नट नवा नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला).

दोन्ही क्रॉसचे, म्हणजे कोनात फिरणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटचे, मधल्या शाफ्टवरचे योक (जॉइंटचे दोन बोटांचे फाटे) एका रेषेत हवेत आणि दोन्ही कोन सारखे. एकच जॉइंट ३० अंशांत चालवलात तर फिरण्याचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा १५ टक्क्यांपर्यंत वरखाली होतो, स्टीअरिंग मधेच जड, मधेच हलकं लागतं. २० अंशांत तो फरक ६ टक्क्यांवर येतो.

वेल्डशिवाय गत्यंतरच नसेल तर बाहेरून सीमलेस नळीची घट्ट बाही, दोन्ही बाजूंना आरपार पिना, शाफ्ट आधी गरम करून, वाळवलेला ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड, आणि नंतर राखेत सावकाश थंड. वरून ग्राइंडर नाही. दाजींनी एवढं केलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

हे सगळं शेतात किंवा कॉलेजच्या स्पर्धेत चालवायच्या गाडीसाठी आहे. रस्त्यावर ही गाडी न्यायचा विचार करू नका. नव्या गाडीला एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, आणि मूळ मारुतीच्या आरसीवर चालवायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. लोहारांची जीपही नियमांत बसत नाही, कधीतरी अडवतीलच, हे आनंद महिंद्रांनी २०२१ च्या डिसेंबरात स्वतःच लिहिलं होतं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली होती.

शाफ्ट भरीव आहे की पोकळ, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पोकळ असेल तर वरचा बाहीचा उपाय तसाच्या तसा करू नका, आधी भिंतीची जाडी मोजून कळवा.