नोकरी-घर सांभाळून नवीन काही शिकताना लक्ष टिकत नाही, फोन आणि घरचे लोक मधेमधे येतात, काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मला माझ्या मोठ्या भावाने चार वर्षं ऐकवलंय. "तुझं लक्ष कुठे टिकतं, पैसे दे आणि वाचून घे."

विषय मोडीचा, म्हणजे पूर्वी मराठी लिहायची त्या जुन्या लिपीचा. आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं खरेदीखत निघालं, सगळं मोडीत. मी ठरवलं आपणच शिकायचं. अक्षरांचा तक्ता फोनमध्ये ठेवला होता आणि तिथेच सगळं बिघडत होतं, तक्ता उघडायला फोन घ्यायचा आणि वर घरच्या ग्रुपचे मेसेज, की गेला अर्धा तास. मग झेरॉक्सवाल्याकडून तक्त्याची प्रिंट काढली, भिंतीला लावली, प्रश्न मिटला. फोन बंद ठेवा वगैरे सल्ले मला पटत नाहीत, शिकायची वस्तू फोनमधून बाहेर काढा, मग तो आपोआप लांब राहतो.

दुसरं, नुसतं वाचत बसलं की मन भटकतं. मी टाक-शाई घेतली. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि हात फारसा न उचलता खाली अक्षरं लिहीत जायची, हात असा गुंतला की कुकरची शिट्टी झाली तरी ओळ पूर्ण होते.

पण खरा त्रास मधेच उठण्याचा. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही नसतो, दूधवाला आला म्हणून उठलात की परत आल्यावर शब्द कुठे सुरू झाला तेच कळत नाही, पुन्हा पहिल्यापासून. दोन महिने मी याच्यावर रडले आहे. शेवटी साधा उपाय सापडला, खरेदीखताच्या झेरॉक्सवर ओळीखाली फूटपट्टी ठेवायची आणि लागलेल्या, म्हणजे वाचता आलेल्या, प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीने बारीक खूण करायची. मग कोणी कितीदा उठवलं तरी दोन मिनिटांत परत तिथेच. म्हणजे व्यत्यय थांबवायचा नाही, परतायची जागा ठेवायची. तुम्ही गिटार शिका नाहीतर एक्सेल, उठण्याआधी पुढची एक पायरी कागदावर लिहून मगच उठा.

आणि घरच्यांना स्पष्ट सांगा. बाईमाणूस वही घेऊन बसली की ती मोकळीच आहे असं सगळ्यांना वाटतं, नवरा ऑफिसचा लॅपटॉप उघडून बसला तर त्याला कोणी चहा टाकायला सांगत नाही. मी सांगितलं, साडेपाच ते सहा मी नाही. आठवडाभर कुरकुर झाली, मग सवय झाली.

दीड वर्षाने ते खरेदीखत मी पूर्ण लावलं. भाऊ आयुष्यभर सांगत आला की विहिरीत आपला पाव हिस्सा. कागदात स्वच्छ "निमे हिस्सा" आहे, निमे म्हणजे अर्धा. मी तीनदा वाचलं, माझ्या मोडीच्या सरांना दाखवलं, तेच निघालं. तेव्हा भाऊ काही बोलला नाही.

हां, माझी मुलं मोठी आहेत हे सांगायला हवं, तान्हं बाळ असेल तर अर्धा तास सलग मिळणं कठीण, तेव्हा दहा मिनिटंही चालतील. आणि त्या कागदामुळे सातबाऱ्यावर काही बदललेलं नाही, ते काम वेगळं.

आता भाऊच जुन्या कागदांचे फोटो पाठवतो वाचायला. सहाच्या आत फोन मात्र करत नाही.