चिनी पद्धतीच्या वाफवलेल्या पोर्क रिब्स मोदकपात्रात होतील का? आणि खाली रताळं-बटाटा कशासाठी घालतात?

होतील की. फक्त आधी कुठला पदार्थ करायचाय ते ठरवा. डिमसमच्या वाटीत मिळतात त्या रिब्स कँटनकडच्या: आंबवलेलं काळं सोयाबीन, लसूण, थोडं कॉर्नफ्लोअर, पंधरा-वीस मिनिटं वाफ, झालं. खाली काही असलंच तर अळकुड्या. तुम्ही विचारताय तो, खाली रताळं-बटाटा असलेला प्रकार म्हणजे फनचंग पायकू: भाजलेल्या तांदळाच्या भरडीचं जाड, खरबरीत आवरण लावून वाफवलेल्या रिब्स. सिचुआन, हुनान, हुबेई, जिआंग्शी असा मोठा पट्टा तो आवडीनं खातो. मी चेंगडूला नोकरीनिमित्त होतो तेव्हा घरमालकीणबाईंकडून शिकलो, त्यामुळे खालची रीत सिचुआनची.

सगळी मदार तांदळाच्या भरडीवर आहे. 600 ग्रॅम रिब्सना 100 ग्रॅम तांदूळ घ्या. तिकडे साध्या तांदळात थोडा चिकट तांदूळ मिसळतात. आपला इंद्रायणी एकटाच दोन्ही कामं करतो, बासमती मात्र नको. कोरड्या कढईत मंद आचेवर तांदूळ, एक चक्रीफूल, दालचिनीचा लहान तुकडा आणि चमचाभर सिचुआन मिरी भाजा. थालीपिठाच्या भाजणीसारखा खमंग वास सुटला, दाणे बदामी झाले की उतरवा. गार झाल्यावर मिक्सरमध्ये रव्याइतकी जाड भरड काढा. पीठ केलंत तर मांसावर लगदा बसेल. बाजारात तयार पाकिटं मिळतात, पण त्यांत मीठ-मसाला आधीच असतो, हे लक्षात ठेवा.

सिचुआन मिरी नाही मिळाली तर कोकणातलं तिरफळ वापरा, दोघं एकाच कुळातली. काळं बी काढून टाकायचं आणि सालच घ्यायची हा नियमही तोच. वास थोडा वेगळा येतो. दोन-तीन सालं पुरतात.

खाटकाकडून बरगड्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या तोडून घ्या, घरच्या सुरीनं ते जमत नाही. अर्धा तास गार पाण्यात ठेवून रक्त जाऊ द्या आणि फडक्यानं अगदी कोरड्या करा. मग दोऊबानज्यांग एक मोठा चमचा, बारीक चिरून. फावा बीन्स आणि लाल मिरच्या आंबवून केलेली ही चटणी चेंगडूजवळच्या पिश्येनची नावाजलेली. शिवाय सोया सॉस एक मोठा चमचा, किसलेलं आलं, चमचाभर साखर, मोठा चमचाभर तेल आणि मिळालं तर आंबवलेल्या टोफूचा एक तुकडा कुस्करून. शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन) असेल तर घाला, नसेल तर तिच्यावाचून काही अडत नाही. मीठ अजिबात नको. चटणी, सोया, टोफू तिन्ही खारट आहेत. तासभर तरी मुरू द्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलंत तर आणखी बरं.

आता भरड घाला आणि सोबत जवळजवळ अर्धी वाटी पाणी. इथे बहुतेकांचा हात आखडतो. मांसातून पाणी सुटेल, वाफेचं मिळेल, असं वाटतं, पण भाजलेला तांदूळ भलता तहानलेला असतो. कोरडी राहिलेली भरड दोन तास वाफवली तरी दाताखाली कचकचते. कालवल्यावर तुकडे ओलसर, चकचकीत दिसले पाहिजेत, भांड्याच्या तळाशी थोडा पातळ रस राहिला पाहिजे. पंधरा मिनिटं तसंच ठेवा, तो रस भरड पिऊन टाकते.

कंदमुळांचं काम सोपं आहे: रिब्समधून गळणारी चरबी आणि मिरचीचं लाल तेल झेलायचं. अठराव्या शतकातला कवी युआन मेई हा असाच तांदूळ लावून वाफवलेल्या डुकराच्या मांसाबद्दल लिहितो, तेव्हा खाली चिनी कोबी घालायला सांगतो. म्हणजे खाली काहीतरी अंथरायची पद्धत जुनीच, फक्त अंथरूण बदलत आलंय. माझं मत रताळ्याला. तिखट-खारट तेल प्यायलेली त्याची गोड फोड वरच्या मांसापेक्षा आधी संपते. बटाटा आकार धरून राहतो, पण चवीला मुकाच. अळकुड्या घेतल्यात तर हाताला तेल लावून सोला, आणि पूर्ण शिजल्याशिवाय तोंडात टाकू नका, घसा खाजेल. फोडी मोठ्याच ठेवा, लहान केल्या तर तासाभरात विरघळतील. भांड्याला चिकटलेली भरड त्यांनाही चोळून घ्या.

मोदकपात्राच्या चाळणीवर पसरट वाडगं ठेवा, तळाशी फोडी, वर रिब्स, दाटीवाटी न करता. तिकडच्या बांबूच्या टोपल्या वाफेचं पाणी शोषून घेतात, आपल्या स्टीलच्या झाकणावरून मात्र थेंब थेट भांड्यात पडतात. म्हणून झाकणाला आतून फडकं बांधा. पाण्याला आधण आल्यावरच वाडगं आत ठेवा, आणि एक ते सव्वा तास वाफवा. मधे पाणी कमी झालं तर उकळतंच ओता. मांस हाडाच्या टोकापासून मागे सरलं आणि काडी सहज आत गेली की झालं. घाई असेल तर कुकरमध्ये पंचवीस मिनिटांत होतं, मांस मऊही पडतं, पण भरड जास्त पाणी पिऊन गिचका होते.

वर कांद्याची पात आणि कोथिंबीर, सोबत साधा भात. उरलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफेवरच गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये भरड कडक होते.