एच-इंडेक्स ६० असलेल्या संशोधकाचे काम श्रेष्ठ मानावे का?

मटेरियल सायन्समधील एखाद्या संशोधकाचा एच-इंडेक्स ६० असेल, तर त्याचे काम श्रेष्ठ समजावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते केवळ या आकड्यावरून तसे ठरवू नये. त्याच्या किमान ६० शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान ६० वेळा संदर्भ दिला गेला आहे, एवढेच त्यातून कळते. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या या मापात १०,००० संदर्भ मिळवणारा निबंधही एकच धरला जातो.

जपानी संशोधक त्सुतोमु मियासाका यांच्या गटाचा पेरोव्स्काइट (विशिष्ट स्फटिकरचनेचा पदार्थ) वापरणाऱ्या सौरघटावरील २००९ मधील निबंध पाहावा. त्या घटाची कार्यक्षमता जेमतेम ३.८ टक्के होती, आतील द्रव इलेक्ट्रोलाइटमुळे (विद्युतभार वाहून नेणाऱ्या द्रवामुळे) तो लवकर निकामी होत असे आणि सुरुवातीची काही वर्षे त्याची फारशी दखलही घेतली गेली नाही. २०१२ मध्ये घनरूप रचनेच्या घटांनी कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास नेली, तेव्हा कुठे त्याचे संदर्भ झपाट्याने वाढू लागले. त्याआधीच्या आकड्यांवरून त्याचे मोल कोणालाही ओळखता आले नसते.

शोधनिबंधांचे संदर्भ मोजणाऱ्या गूगल स्कॉलर या शोधसेवेवरील एच-इंडेक्स स्कोपस या माहितीसंग्रहातील आकड्यापेक्षा बहुधा मोठा असतो, हेही ध्यानात घ्यावे. आढावा घेणाऱ्या लेखांना मूळ प्रयोगांपेक्षा सहज जास्त संदर्भ मिळतात, म्हणून ते वगळून त्या संशोधकाचे चार-पाच मूळ निबंध वाचावेत, आणि त्यांतील पदार्थ इतर प्रयोगशाळांनाही तसाच बनवता आला का, हे आवर्जून तपासावे.